सत्ताविसाव्या दिवसाची डुबकी

सर्व संबंधितांस, म्हणजे सूर्याखाली राहणाऱ्या सगळ्यांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की सूर्यावर कुठल्या दिवशी किती डाग होते याविषयी जगभरच्या नोंदवह्यांत गेली चारशे वर्षं जो घोळ चालत आला आहे, त्यातला एक घोळ तंजावुरात, राजवाड्यामागच्या एका गल्लीत, सकाळी अकराच्या सुमारास कायमचा मिटला. त्या प्रसंगी मी जातीने हजर होतो. माझ्याकडे जबाबदारीचं काम होतं. लॅपटॉप डुगडुगू नये म्हणून मी त्याच्याखालचा चौरंग एका बाजूने धरून बसलो होतो.

घोळ मिटवायला बसले होते आमचे घरमालक. मिटवला दुसऱ्याच कुणी. पण ते शेवटी.

मी मूळचा मिरजेचा. जुन्या मोडी कागदांची यादी करण्याच्या कामावर दोन वर्षांसाठी तंजावुरात आलो आणि पाच वर्षं राहिलो. काम लांबलं, असं मी घरी सांगत असे. खरं कारण हे घरमालक. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी भाड्याविषयी अवाक्षर काढलं नाही. त्यांची एकच अट होती. गच्चीचा जिना या खोलीतून जातो. मी रोज सकाळी आठ चाळीसला तुमच्या खोलीतून वर जाईन, नऊ दहाला खाली येईन. तुम्ही झोपलेले असा, आजारी असा, माझी हरकत नाही. फक्त वाटेत चप्पल नको.

मला वाटलं, वयस्कर माणूस, तुळशीला पाणी घालायला जात असेल. दुसऱ्या दिवशी मी तोंडाला दाढीचा फेस लावून उभा असताना ते आले. कमरेला ओलेती वेष्टी, कपाळाला गंध, आणि काखेत तान्ह्या मुलासारखी जुन्या धोतरात गुंडाळलेली पितळी दुर्बीण. माझ्याकडे न बघता "आलाय" म्हणाले आणि वर गेले. अर्ध्या तासाने उतरताना म्हणाले, "सदतीस." पुढच्या दिवशी "एक्कावन्न." त्याच्या पुढच्या दिवशी, अगदी पडलेल्या आवाजात, "मेघ." आठवडाभर मी हा माणूस लॉटरीचे आकडे सांगतो अशा समजुतीत होतो.

ते तंजावुरी मराठी, गणिताचे निवृत्त मास्तर. गल्लीत सगळे त्यांना सर म्हणत, आणि पाठीमागे पॉइंट सर. ह्या पॉइंटचं मूळ गच्चीवर होतं. सूर्याकडे दुर्बिणीतून बघायचं नसतं, डोळे जातात. दुर्बिणीमागे पांढरा पुठ्ठा धरायचा. त्यावर बशीएवढा सूर्य पडतो आणि त्यात कुणी पेनाने टोचावेत तसे काळे ठिपके दिसतात. ठिपक्यांचे घोळके किती, ते मोजून दहाने गुणायचं, त्यात सुटे ठिपके मिळवायचे. झाली त्या दिवसाची संख्या. इथवर मलाही जमलं असतं. पण एकाच सूर्यावर एकाच दिवशी एकाला चाळीस दिसतात, दुसऱ्याला सत्तर. दुर्बीण वेगळी, डोळा वेगळा, आणि दोन ठिपक्यांना एक म्हणायचं की दोन, याबद्दलचा स्वभाव वेगळा. म्हणून प्रत्येक मोजणाऱ्याला एक गुणक देतात. जास्त मोजणाऱ्याला पॉइंट सहा, कमी मोजणाऱ्याला एक पॉइंट तीन, असा. त्याच्या आकड्याला त्याच्या गुणकाने गुणलं की सगळे एका पातळीवर येतात.

शास्त्रज्ञ हे सूर्यापुरतं ठेवतात. सरांनी ते तंजावूरभर लागू केलं होतं.

कोपऱ्यावरचा रिक्षावाला पाच मिनिटांत येतो म्हणाला की सर घड्याळ बघून म्हणत, "ह्याचा गुणक चार. बसा." लग्नपत्रिकेवरच्या जेवणाच्या वेळेला एक पॉइंट सहा. शेजारचे डॉक्टर "थोडं दुखेल" म्हणाले तर तीन. मामी, म्हणजे सरांच्या पत्नी, कॉफीत साखर घालताना "अर्धाच चमचा" म्हणत, त्याला दोन. मामींचाही एक गुणक होता, सरांसाठी. सर "मला भूक नाहीं" म्हणाले की त्या मुकाट्याने दीड माणसाचा भात लावत, आणि तो कधी उरलेला मी पाहिला नाही.

माझा गुणक सरांनी तिसऱ्याच आठवड्यात काढला. मी मिरजेच्या एका गवय्याची गोष्ट रंगवून सांगत होतो. सर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "पॉइंट चार." वाचकांनी ही गोष्ट वाचताना तेवढं ध्यानात ठेवावं. मी खट्टू झालेला बघून त्यांनी माझी समजूत घातली. "गुणक कमी म्हणजे खोटं, असं नव्हें. कुणाला खरंच जास्त दिसतं." मग उठता उठता म्हणाले, "तुमचं मात्र तसं नव्हें."

त्यांच्या मराठीत 'झालं' हे अजून 'जाहलं' होतं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक 'कीं' दारावरच्या तोरणासारखा लटकलेला असे. मध्येच तमिळ, मध्येच इंग्रजी. देवनागरी त्यांना वाचता येई, पण बोट ठेवून. आकडे मात्र कुठल्याही लिपीतले.

आता ज्या वहीवरून पुढचं रामायण झालं ती वही. खरं तर अकरा वह्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या. सरांचे वडील, ते त्यांना अप्पा म्हणत, तालुका कचेरीत कारकून होते. लग्नाच्या वर्षी त्यांनी एका मायदेशी निघालेल्या इंग्रज प्रोफेसराच्या लिलावात ही दुर्बीण घेतली, आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षं रोज सूर्यावरचे डाग मोजले. त्यांना ते शास्त्र वाटत नव्हतं, पूजा वाटत होती. दुर्बीण देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी. तिला हात लावायचा तो मडीत, म्हणजे सोवळ्यात. आंघोळ, अर्घ्य, मग गच्ची, मग मोजणी, मग वहीत आकडा, आणि शेवटी सही. एकही आकडा सहीशिवाय नाही.

सरांची लहानपणची आवडती आठवण अशी, आणि ती मी इतक्यांदा ऐकली की स्वप्नातही सांगू शकेन. सकाळची कोवळी उन्हं. अप्पा गच्चीवर लेखणी आणि वही घेऊन ताठ उभे. पलीकडे आई, ओणवी होऊन, पांढऱ्या फडक्यावर वडाम् घालते आहे. वडाम् म्हणजे आपल्या सांडग्या-कुरडयांचा तिकडचा भाऊ. आई घरकामात, अप्पा आकाशात. ती गेली तेव्हा, सर सांगत, अप्पा इतके खचले की त्यांनी पुन्हा दुर्बीण उचलली नाही. वही तिथंच थांबली.

अप्पांचा एक भला मोठा फोटो हॉलमध्ये होता. चष्म्याची भिंगं अशी जाड की फोटोतले डोळे दोन लिंबांएवढे दिसत. आईचा फोटो नव्हता. काढलाच नव्हता कुणी.

निवृत्तीनंतर सरांनी दुर्बीण खाली काढली आणि वडिलांचं व्रत पुढे चालू केलं. नियम कडक. एकदा मामी वाळलेल्या मिरच्या आणायला गच्चीवर गेल्या आणि जाता जाता पुठ्ठ्यावर नजर टाकून म्हणाल्या, "तिकडे कडेला दोन राहिले." सर दहा मिनिटं नाक लावून बघत होते. मग त्यांना ते दोन दिसले. वहीत त्यांनी ते घेतले नाहीत. मोजणारा बदलला की गुणक बदलतो, एका वहीत दोन डोळे चालत नाहीत, हे तत्त्व त्यांनी मामींना जेवताना समजावून सांगितलं. मामी म्हणाल्या, "बरं. ताक वाढूं?"

ज्याने जगातल्या सगळ्या नोंदी दुरुस्त करायचा विडा उचलला होता, त्याची स्वतःची एक नोंद मात्र ठार चुकलेली होती. जन्मतारीख. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी अंदाजाने जूनमधली कुठलीशी तारीख ठोकून दिली होती. मुलगा घरी जन्मलेला, नोंद केलेली नाही, पत्रिका पुराच्या वर्षी भिजून गेलेली. थोरली बहीण, मधला भाऊ, दोघंही आता नव्हते. नव्वदीच्या एक अत्या तेवढ्या उरल्या होत्या, अप्पांच्या धाकट्या बहीण, त्यांना अण्णा म्हणणाऱ्या; कुंभकोणमला मुलाकडे असत. त्या आल्या की सर दर वेळी विचारत, आणि त्या दर वेळी सांगत, "रोहिणी नक्षत्र. सकाळची वेळ. तूं काळा होतास." तारीख? इंग्रजी तारखेशी अत्यांचा उभ्या जन्मात संबंध आला नव्हता. मग वाढदिवस जूनमधल्या रोहिणीवर व्हायचा. सर पायसम् खात पुटपुटायचे, एवढी एक संख्या जुळली असती तर बरं होतं कीं.

अशा स्थितीत एके दिवशी एका फार लांबच्या वेधशाळेतून पत्र आलं. तिथली एक तरुण बाई जुन्या मोजणाऱ्यांच्या वह्या गोळा करून, त्यांचे घोळ मिटवून, सगळ्या एका माळेत ओवत होती. सरांनी कधीतरी पाठवलेली पानं तिला मिळाली होती. सगळ्या अकरा वह्यांचे फोटो पाठवाल का? वही पक्की ठरली तर जगातल्या मोजणाऱ्यांच्या यादीत तुमच्या वडिलांचं नाव आणि गुणक जाईल.

सरांनी ते पत्र देवघरात ठेवलं. तीन महिने मी आणि ते पानं फोटोत धरत होतो. सर पान पसरत, मी मोबाइल धरी, मामी मधूनच उजेड अडवून उभ्या राहत. अप्पांना एक संख्या मिळणार, ह्या एका गोष्टीने सर दहा वर्षांनी लहान झाले होते. कारकून म्हणून जन्म गेला त्यांचा, सर म्हणत. साहेबाच्या सहीखाली सही. आतां एकट्याचं नांव येईल.

बाईचं उत्तर आलं. वही अप्रतिम आहे, निरीक्षकाची नजर विलक्षण तीक्ष्ण आहे, मोठ्या वेधशाळांच्या तोडीची. फक्त एक. दर सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांनी आकडा अचानक खाली जातो, तीन दिवस खाली राहतो आणि चौथ्या दिवशी पुन्हा वर येतो.

सरांनी ते वाचलं आणि चक्क टाळी वाजवली. कारण सूर्य स्वतःभोवती फिरतो तो सुमारे सत्तावीस दिवसांत. म्हणजे अप्पांना सूर्याची गिरकी दिसली होती. त्या दिवशी गल्लीत जिलेबी वाटली गेली. आलेख छापून त्यांनी अप्पांच्या फोटोशेजारी लावला. दर सत्तावीस दिवसांनी एक खळगा. सरांनी त्याचं नाव ठेवलं, डुबकी.

पुढच्या पत्राने जिलेबी उतरवली. त्याच दिवशी जगात दुसऱ्या कुणालाही डुबकी दिसलेली नाही, बाईने लिहिलं होतं. सगळ्यांचे आकडे वर, फक्त तंजावूरचा खाली. म्हणजे बुडी सूर्य मारत नाही, मोजणारा मारतो. हे कशामुळे ते कळलं तर त्या दिवसांना वेगळा गुणक देता येईल. नाही कळलं, तर त्या दिवसांचे आकडे न बघता लिहिलेले असावेत असं मानावं लागेल, आणि मग सगळीच वही बाजूला ठेवावी लागेल. महिन्याभरात बैठक आहे.

"न बघतां," सर म्हणाले. त्या दिवशी ते गच्चीवर गेले नाहीत. पाच वर्षांत मेघ नसताना न गेलेला तो एकच दिवस.

मग त्यांनी चौकशी मांडली, ती पोलिसांनी बघून शिकावी अशी. एकादशीचा उपास? पण ती पंधरवड्याला येते. अमावस्या? डुबकी अमावस्येला धरून राहत नव्हती, दर महिन्याला थोडी सरकत होती. शनिवारचं तेलाचं अभ्यंग? सात दिवसांनी येतं. सर भिंतीवर एकेक कारण लिहीत आणि खोडत. वर आणखी दोन विचित्र गोष्टी निघाल्या. सगळ्या वह्यांत मिळून तीनदा असं झालं होतं की डुबक्या येईनाशा झाल्या, आठ-नऊ महिने आकडे सपाट वर, आणि मग एकदम सलग चाळीस दिवस आकडा खाली. सरांनी त्याला महाडुबकी म्हटलं. आणि शेवटच्या दहा-बारा वर्षांत डुबकी नाहीच. "स्थिर काळ," सर म्हणाले, आणि कपाळाला हात लावला.

सगळ्यात भयंकर शंका त्यांनी मला एका दुपारी, दार लावून घेऊन सांगितली. अप्पा कचेरीच्या कामाने दर महिन्याला दोन-तीन दिवस ओरत्तनाडूला मुक्कामाला जात. त्या दिवशी इथं गच्चीवर कोण असणार? परत येऊन अंदाजाने आकडे लिहिले असतील तर?

आम्ही डुबक्यांची यादी घेऊन ओरत्तनाडूला गेलो. टाऊन बसमध्ये सर यादी उलटी धरून बसले होते, मी सरळ केली तरी त्यांना कळलं नाही. तिथं एका कचेरीत ओळखीच्या माणसाने फिरतीच्या जुन्या डायऱ्यांचं एक गाठोडं आम्हाला बघू दिलं. सरांनी ते सोडलं, आणि मी तारखा मोठ्याने वाचत गेलो. अप्पांचा मुक्काम दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. दर महिन्याच्या. डुबक्या मात्र कधी पाचला, कधी तीनला, कधी तिसाला, सरकत सरकत सगळा महिना फिरणाऱ्या. यादीशी काही म्हणता काही जुळेना.

सर बाहेर आले, जुन्या छत्राच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, भिंतीला टेकून उभे राहिले, आणि तीन प्लेट वडे खाल्ले. डुबक्यांपुरते तरी अप्पा निर्दोष सुटले होते. परतीच्या बसमध्ये, अर्ध्या वाटेवर, त्यांचा चेहरा पुन्हा उतरला. अप्पा सुटले खरे, पण आता कारण म्हणून काहीच उरलं नव्हतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी अप्पांचं श्राद्ध होतं. त्याला कुंभकोणमहून अत्या आल्या आणि राहिल्या. हॉलच्या खांबाला टेकून, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसणं हा त्यांचा दिनक्रम. तांदूळ पिशवीतला, मशीनने निवडलेला, त्यात खडा सापडायचं कारण नाही. अत्यांना सापडे. दिवसाला तीन-चार. त्या ते एका वाटीत जमा करत आणि संध्याकाळी मामींना दाखवत.

बैठकीला सर वेष्टीवर कोट घालून बसले. चौरंगावर अकरा वह्या, वह्यांवर लॅपटॉप, आणि चौरंग धरून मी. पडद्यावर ती तरुण बाई आणि तिचे साहेब, दोन चौकोनांत. मागे मामी दाराशी उभ्या आणि अत्या खांबाशी.

बाई फार नम्र होती. तिने एकच प्रश्न विचारला. घरात अप्पांखेरीज आणखी कुणी दुर्बीण वापरत होतं का?

सरांनी इंग्रजीत, वर्गात देत तसं, ठणठणीत उत्तर दिलं. प्रश्नच येत नाही. दुर्बीण देवघरातली, मडीतली. सही प्रत्येक दिवशी अप्पांची. मग त्यांनी ती आठवण सांगितली, अप्पा लेखणी घेऊन उभे, आई पलीकडे वडाम् घालते आहे. बाईने मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. मला कळलं की वही बाजूला ठेवली जाणार.

आणि तेव्हा मामी, ज्यांनी त्या घरात शास्त्राच्या बाबतीत त्या ताकाखेरीज काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं, खाली वाकून अत्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाल्या, "अत्या, ते विचारतात, दुर्बीण आणखी कोण हाताळी म्हणून."

"आणखी कोण म्हणजे?" अत्या तांदळातून मान वर न करता म्हणाल्या. "वहिनी."

सर वळले. "आई वडाम् घालायची, अत्या."

"रोज? मार्गळींत, थंडीच्या दंवांत सुद्धां? एवढे वडाम् खाल्ले कुणी?" अत्यांनी एक खडा वाटीत टाकला. "अण्णाला सूर्य दिसायचा हेंच पुष्कळ. त्यावरचे डाग कसले दिसतात त्याला? ती पुठ्ठ्यावर ओणवी होऊन मोजायची, तो लिहायचा, मुक्कामाहून परतला कीं मागचे सुद्धां तिला विचारून. सही त्याची. अक्षर चांगलं होतं कीं."

सरांनी फोटोतल्या चष्म्याकडे बघितलं. मग भिंतीवरच्या आलेखाकडे. मी चौरंग सोडला होता हे मला लॅपटॉप कलल्यावर कळलं.

"मग ते तीन दिवस?" सर म्हणाले. "महिन्याला तीन दिवस?"

अत्यांनी मामींकडे बघितलं. मामी छताकडे बघत होत्या.

"तीन दिवस ती मागल्या खोलींत बसायची," अत्या म्हणाल्या. "दुर्बीण देवांतली. हात कसा लावेल? अण्णा एकटा वर जायचा, दिसेल तेवढं लिहायचा, आणि खालीं येऊन माझ्यावर ओरडायचा."

पडद्यावरून साहेबांनी विचारलं की काही अडचण आहे का. सरांनी कोटाचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. शेवटी म्हणाले, "द ऑब्झर्व्हर वॉज ऑन लीव्ह."

दर सत्तावीस दिवसांनी? साहेबांनी विचारलं. तीन दिवस? वर्षानुवर्षं?

बाईला कळलं होतं. तिने आपला आवाज बंद केला आणि साहेबांना काहीतरी सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

मग ती पुन्हा बोलू लागली तेव्हा तिचा सूर बदलला होता. वही राहील, ती म्हणाली. दोन मोजणारे धरू. तीन दिवसांचे अप्पा, त्यांना वेगळा गुणक. बाकी सगळ्या दिवसांचा मोजणारा मुख्य, त्याचा गुणक पॉइंट सहा, मोठ्या वेधशाळेच्या बरोबरीचा. आणि मग तिने विचारलं, मुख्य मोजणाऱ्याचं नाव काय लिहायचं?

मला वाटलं, आता अप्पांची बाजू घेतील. त्या फोटोसाठीच तर हे सगळं चाललं होतं. पण त्यांनी आईचं नाव सांगितलं. सावकाश, एकेका अक्षराचं स्पेलिंग सांगून, दोनदा. पाच वर्षं मी त्या घरात राहत होतो, ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मामींनी पदराने डोळे टिपले, आणि मीही टिपले. इथं माझा गुणक लावू नये.

एवढ्यावर थांबले असते तर ते सर कसले. डोळे कोरडे व्हायच्या आत त्यांच्यातला मास्तर जागा झाला. घोळ पूर्ण मिटला नव्हता. महाडुबक्या राहिल्या होत्या. चाळीस-चाळीस दिवस, तीनदा. मागली खोली तीन दिवसांची, चाळीस दिवसांची कशी होईल? पडद्यावर बाईही पुढे वाकली होती, तिलाही ते हवं होतं. सरांनी भराभरा वही काढली, बोट ठेवून तिसऱ्या महाडुबकीची पहिली तारीख वाचली, खणखणीत, दिवस, महिना, वर्ष, आणि अत्यांच्या समोर मांडी घालून बसले. "आतां नीट आठवून सांगा, अत्या. ह्या सकाळपासून पुढें चाळीस दिवस आई गच्चीवर गेलीच नाहीं. मग होती कुठं?"

अत्यांच्या मांडीवरचं सूप कलंडलं. सगळा तांदूळ फरशीवर गेला.

"कुठं म्हणजे? बाळंतिणीच्या खोलींत, तुला मांडीवर घेऊन!"